खुणेची भिंत

निकम मॅडम थर्मामीटरवर विश्वास ठेवत नसत. आमच्या तपासणीच्या खोलीत त्यांनी तीन टांगले होते. "दोन असले की भांडतात, तिसरा साक्षीला हवा," असं म्हणत, आणि तिघांचं एकमत झालं की त्यांना जास्तच संशय येई. चहावाल्याचं दूध, मालकांचं हसणं, नव्या माणसाचा नमस्कार, सगळ्यांकडे त्या एकाच नजरेने बघत. मी कामावर रुजू झालो त्या दिवशी त्यांनी मला दुर्बिणीला डोळा लावायला सांगितलं.

"रेघ खुणेवर आहे?"

"हो मॅडम, अगदी बरोबर."

"इतक्या लवकर बरोबर? परत बघा."

तेव्हापासून मी परत बघतोच आहे.

आमचा कारखाना साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतला, छोटासा. रस्त्यांची, कालव्यांची पातळी बघायची दुर्बीण आम्ही बनवतो. तीच दुर्बीण उद्या माणच्या उन्हात उभी राहणार आणि परवा पाटणच्या पावसात, आणि दोन्हीकडे तिने सारखंच खरं सांगायला हवं. म्हणून प्रत्येक दुर्बीण सकाळी ओट्यावर ठेवून समोरच्या भिंतीवरच्या खुणेशी ताडायची, मग गरम-दमट कपाटात कोंडायची आणि बाहेर काढून निवली की दुपारी पुन्हा त्याच खुणेशी ताडायची. आतली रेघ केसभर सरकली तरी नापास. "गार असताना सगळेच सरळ असतात," मॅडम म्हणत. "तापल्यावर कोण कसं वागतं ते सांगा."

ओलीवर त्यांचा विशेष राग होता. खुणेच्या भिंतीबाहेर, पश्चिमेच्या अंगाला, एक जुना करंज होता. पावसाळ्यात त्या भिंतीवर बुरशीचा डाग दिसला आणि मॅडमनी करंजाला आरोपी ठरवलं. हे झाड भिंतीला ओल पाजतंय, असं म्हणत त्या मालकांच्या हात धुऊन मागे लागल्या. दिवाळीच्या सुमारास झाड तोडलं. भिंत खडखडीत वाळली आणि मॅडम कधी नव्हे त्या खूश दिसल्या.

उन्हाळा लागला आणि दुर्बिणी नापास व्हायला लागल्या. सकाळी चोख, कपाटातून निघाल्या की दुपारी रेघ सरकलेली. सगळ्यांची जुळणी अस्लमभाईंच्या हातची होती. तासगावचा माणूस, अर्धं आयुष्य भिंगं बसवण्यात गेलेलं. मॅडमनी आधी त्यांचे पेचकस तपासले, मग त्यांचं जेवण कुठं होतं, हात कुठं पुसतात, इथपर्यंत चौकशी केली. शेवटी सगळ्यांसमोर मालकांना म्हणाल्या, "अस्लमचा हात ढिला पडलाय."

अस्लमभाईंनी हातातली दुर्बीण हळूच खाली ठेवली. "मॅडम, ढिला पडला असता तर मीच सांगितलं असतं की वो."

त्याच आठवड्यात ते घरी बसले. हात ढिला पडला म्हणून काढलेल्या जुळाऱ्याला दुसरं कोण घेणार? ते तासगावला बेदाण्याच्या शेडवर लागल्याचं कळलं. मला त्या दिवसांत मॅडमचा मनापासून राग यायचा.

आणि दुर्बिणी नापास होतच राहिल्या. आता जुळणी दुसऱ्याची होती. "तो अस्लमच्याच हाताखाली शिकलाय," मॅडम म्हणाल्या. मग कपाटावर संशय, मग माझ्यावर. मी दुर्बीण उचलताना श्वास कसा घेतो हेसुद्धा त्यांनी बघितलं. जगात त्यांचा विश्वास फक्त एका वस्तूवर उरला होता. ती म्हणजे त्यांच्या स्वतःच्या कपाटात कुलूप लावून ठेवलेली जुनी दुर्बीण. एका सकाळी त्यांनी ती ओट्यावर ठेवली आणि खुणेवर लावली. तिला गरम कपाटाचं तोंडही दाखवलं नाही, कुणाला हात लावू दिला नाही. दुपारी डोळा लावला आणि तशाच वाकून राहिल्या.

"तुम्ही बघा," मला म्हणाल्या.

रेघ सरकली होती.

मॅडम तडक इमारतीच्या मागे गेल्या. मीही गेलो. पश्चिमेचं ऊन थेट भिंतीवर होतं. त्यांनी तळवा टेकवला आणि चटका बसून मागे घेतला. पायाशी तोडलेल्या करंजाचा बुंधा होता, सावली त्याच्याबरोबरच गेली होती. दुर्बिणी जागेवरच होत्या. उन्हाने भिंत फुगून खूणच सरकत होती.

"सगळ्यांवर संशय घेतला हो मी," त्या म्हणाल्या. "या भिंतीवर नाही घेतला. का, तर ती मी सुकवली होती."

दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीने तासगावला गेलो. अस्लमभाई शेडमध्ये जाळीवरचा बेदाणा हलवत होते. मॅडमना बघून म्हणाले, "आज काय तपासाय आलाय?"

मॅडमच्या हातात तोवर एक बेदाणा आलाच होता. "याला ओल राहिलीय."

"शेठला सांगू नका म्हंजे झालं."

मग मॅडमनी भिंतीचं सगळं सांगितलं. हात तुझा ढिला नव्हता, डोकं माझं तापलं होतं, इतक्या स्पष्ट शब्दांत. अस्लमभाई ऐकत राहिले. "ह्ये हितं बेदाण्याला सांगून काय उपेग? जितं बोलला, तितं बोला."

मॅडम तिथं बोलल्या. भर दुपारी सगळा कारखाना, मालकांसकट, खुणेसमोर उभा केला. एकेकाला दुर्बिणीत बघायला लावलं, आणि मग अस्लमभाईंकडे तोंड करून म्हणाल्या, "चूक माझी होती." आवाज जराही हलला नाही. अस्लमभाई परत आले, पण एक अट घालून. "रोज दुपारी खूण आदी मी बगनार. मग तुमी आमाला नापास करा."

खूण भिंतीवरून काढून आतल्या दगडी खांबावर बसवली, तरी अट मोडली नाही. रोज दुपारी खोलीतून हाक येई, "अस्लम, ये. माझ्यावर संशय घे." ते हात पुसत जात, त्या जुन्या दुर्बिणीला डोळा लावत आणि मान हलवत. मॅडम बाजूला उभ्या असत, निकालाची वाट बघणाऱ्या पोरीसारख्या. त्या क्षणी मला त्या फार आवडत.

यंदा मॅडम निवृत्त झाल्या. हार त्यांनी हुंगून बाजूला ठेवला, ताजा नसावा. भाषणं उरकली आणि नेहमीच्या वेळी त्या खोलीत गेल्या. अस्लमभाई आधीच ओट्यापाशी उभे होते. "आज तुमी बगा," ते म्हणाले. मॅडमनी डोळा लावला. बराच वेळ वाकून राहिल्या. मग पदराने भिंग पुसलं, परत बघितलं, परत पुसलं.

"भिंगाला ओल धरलीय," त्या भरल्या आवाजात म्हणाल्या. "तू बघ."

अस्लमभाईंनी बघितलं. घाई केली नाही, एकदा बघून परत बघितलं.

"खूण जाग्यावर हाय, मॅडम. जावा तुमी निवांत."

आणि त्या परत न तपासता निघाल्या.