शिंपल्याशेजारची चप्पल

शिंपले जमवणाऱ्या मंडळींनो, सगळ्यांच्या छोट्या वेबसाइट बंद करून एकच मोठी करायची, हे आपलं जवळजवळ ठरलंय. राहिले होते फक्त बोर्ली पंचतनचे शरीफचाचा. त्यांना पटवायला मी आज सकाळी आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघीला उतरलो आणि त्यांच्या घरी गेलो.

चाचांची साइट तुम्ही पाहिली असेल. रोज एक नवा फोटो, आणि वाळूतल्या प्रत्येक शिंपल्याशेजारी त्यांची निळी चप्पल. आकाराचा अंदाज यावा म्हणून ठेवत असतील, असं मला वाटायचं.

मी फायदे सांगितले. सगळं एका जागी, शोधायला सोपं, देखभाल एकाच माणसाकडे. चाचांनी चहा दिला, शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "तिथं माझी चप्पल राहील काय?"

"नाही चाचा. सगळ्यांचे फोटो सारखे हवेत. खाली पांढरा कागद, बाजूला मोजपट्टी."

"मग ऱ्हाऊ दे. माझा पोरगा कुवेतला हाय. शिंपल्यातलं त्याला काय कळत न्हाय. चप्पल दिसली की समजतो, अब्बा आज किनाऱ्यापर्यंत चालत गेले."

"फोन करतो ना तो?"

"करतो की. फोनवर मी रोजच बरा असतो."

मी चाचांचा नकार ग्रुपवर कळवलाय. एकच साइट असावी, हे माझं मत अजून तसंच आहे. फक्त माझी साइट बंद करायला बसलो, तेव्हा ती रोज कोण उघडतं, हे मला सांगता येईना. तुमची कोण उघडतं, माहीत आहे?