देवाला सोडलेली शेळी

"आचो मोरुप, आजून एक पडला की वो!" बांधापल्याडनं ग्युरमेत वरडला.

"कोण?"

"नापो. रानातला चांगला शिंगाळा नर. डोळ्यांवर निस्ती साय धरल्याली. कड्यावरनं घरंगळला त्यो थेट वढ्यात. देव कोपलाय जनू! तुमीच घाला बाबा गाऱ्हानं. शेळी सोडल्याली मानसं तुमी, तुमचं ऐकंल त्यो."

ग्युरमेत आपला हसत पुढं गेला. मोरुपच्या हातातलं खुरपं मात्र जागीच थांबलं.

झालं होतं असं. बर्फ वितळायच्या सुमाराला त्याच्या काळ्या शेळीचे डोळे गळायला लागले. रोग लागट. गावाला कळतं, तर त्याच्या सगळ्या शेरडांना वरचं कुरण बंद. हिवाळाभर कोंडून खंगलेली जनावरं, घरात चारणार काय त्यांना? बरं, मारावी तर तिच्याच दुधावर बायको आजारातून उठलेली. मग त्यानं तिच्या कानात लाल दोरा ओवला, शिंगांना लोणी फासलं आणि देवाच्या चौथऱ्यापुढं तिला त्सेथर म्हणून सोडली. असं जीवदान दिलं की त्या जनावराला पुन्हा सुरी नाही, दावं नाही. गावानं वाहवा केली, वर त्याच्याच घरची छांग ढोसली. शेळी चढ चढून गेली ती नापोंच्या कळपात मिसळली. माणसाच्या वासानं उधळणारी ती रानमेंढरं, पण तिला त्यांनी आपल्यात घेतलं.

चुलीपाशी बायकोनं, छोरोलनं, त्याच्यापुढं सातूच्या पिठाचा त्साम्पा ठेवला. त्यानं बोट लावलं नाही.

"शेळी सोडली त्या दिशी, लोकं यायच्या आदी, लोकरीनं तिचं डोळं पुसत व्हता तुमी," ती म्हणाली. "मी बघितलं व्हतं."

"मग तवा बोलली का न्हाईस?"

"मलाबी ती जगायला पायजे व्हती."

मोरुपची नजर खुंटीवरच्या दाव्याकडं गेली.

"त्सेथरला दावं लावायचं म्हंजे पाप गं."

"मग लागू द्या. वर पिल्लं हायती आजून."

मोरुप मिठाची पिशवी घेऊन वर चढला. कळप त्याला बघून खडकांत पांगला. त्यानं नेहमीची शीळ घातली, तशी काळी शेळी ठेचकाळत, आवाजाच्या रोखानं आली आणि त्याच्या तळहातावरचं मीठ चाटायला लागली. तिच्या मागं नापोचं एक पिल्लू उभं होतं. गालांवर ओघळ, माशा घोंगावताहेत. ते पळालं नाही. कुठं पळावं हे त्याला दिसत नव्हतं. मोरुपनं हात पुढं केला, तसं ते बिचकून दगडावर आपटलं आणि कपारीत शिरलं. तिथं माणूस जाणं शक्य नव्हतं. तो उगाच वाट बघत बसला. मग शेळीच्या गळ्यात दावं घातलं.

भर गावातनं तो तिला घेऊन आला. ग्युरमेत आडवा आला.

"काय वो, देवाला दिल्यालं म्हागारी घेता? लाज गेली का सगळी?"

"दिली तवाच तिचं डोळं गळत व्हतं. पुसून दिली."

ग्युरमेतचा आवाज खाली आला. "म्हंजे ते नापो..."

"व्हय."

"तुमची शेरडं उद्यापासनं वर दिसायची न्हाईत, आचो."

"न्हाई दिसायची."

ग्युरमेत वाटेतनं बाजूला झाला, जरा जास्तच लांब.

मोरुपनं शेळीला गोठ्यामागं एकटी बांधली. आता सगळ्या कळपाला घरीच चारायचं होतं. त्यानं विळा घेतला आणि लसूणघास कापायला गेला.