उंदरांचे मागचे पाय

दोन्ही आलेख जुळ्या भावांसारखे समोर पडले होते आणि श्रुती रडायच्या बेतात होती.

"सर, स्नायूंतून तीनदा एक्स्ट्रॅक्शन केलं. मले समजूनच नाही राहिलं, काय चुकून राहिलं ते."

"निष्काळजीपणा, दुसरं काय?" मी म्हणालो. ते वाक्य मला आजही बोचतं.

श्रुती माझी पीएचडीची विद्यार्थिनी, मूळची गोंदियाची. तिच्या रजिस्ट्रेशनची मुदत संपायला जेमतेम वर्ष उरलं होतं. रायपूरच्या आमच्या लॅबमध्ये स्नायूंमधल्या मायटोकॉन्ड्रियावर काम चालतं. मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीतलं वीजघर. त्याच्या आतल्या पडद्यात कार्डिओलिपिन नावाचा खास स्निग्ध पदार्थ असतो. ऊर्जा बनवणारी प्रथिनं त्याच्यामुळे जागेवर नीट बसतात. काम वाढलं की स्नायू हे पडदे वाढवतो. काम सुटलं की कमी करतो. काम काढून घेतल्यावर या स्निग्ध पदार्थांचं नेमकं काय होतं, ते श्रुतीला मोजायचं होतं.

त्यासाठी उंदराची शेपटी वरच्या कप्पीला दोरीने बांधतात. पुढच्या पायांवर तो पिंजराभर फिरतो, खातो-पितो. मागचे पाय मात्र जमिनीला टेकत नाहीत. रीतसर परवानगी घेऊन काही उंदीर दोन आठवडे असे ठेवले होते. त्यांच्या मागच्या पायांतलं कार्डिओलिपिन उतरायला हवं होतं. उतरलंच नाही. मोकळ्या उंदरांचा आलेख आणि टांगलेल्यांचा आलेख अगदी सारखे.

श्रुतीवर ओरडून झाल्यावर मी मास स्पेक्ट्रोमीटरवर घसरलो. रेणूंची वजनं करणारं हे यंत्र. इंजिनिअर आला, चहा पिऊन गेला. यंत्र ठणठणीत. वरून संस्थेच्या डायरेक्टर मॅडमचा फोन.

"फरक पडत नाही, असंच लिहा ना. निगेटिव्ह रिझल्ट भी तो रिझल्ट है."

मोह झाला, खोटं कशाला सांगू.

लिहायला बसण्याआधी श्रुतीची वही पहिल्या पानापासून चाळली. गोठवण्याआधी तिने प्रत्येक स्नायूचं वजन लिहून ठेवलं होतं. पोटरीत सोलियस नावाचा स्नायू असतो. उभं राहण्याचा भार तो पेलतो. पाय दोन आठवडे अधांतरी राहिले तर तो वाळायलाच हवा. इथे टांगलेल्या आणि मोकळ्या उंदरांचे सोलियस सारख्याच वजनाचे होते. म्हणजे श्रुतीच्या मोजमापात काही चूक नव्हती. हे उंदीर चक्क चालत होते!

मी थेट अ‍ॅनिमल हाऊस गाठलं. श्रुती मागोमाग. उंदरांची देखभाल करणारे बिसाहू भैया पिंजरे धूत होते.

"भैया, रस्सी कभी खुलती थी क्या?"

"हव साहब," ते शांतपणे म्हणाले. "मैंच ढीला कर देत रहेंव. दिन भर लटके रहिथें, देखे नइ जाय."

संध्याकाळी आम्ही निघालो की दोरी सैल. सकाळी आम्ही यायच्या आत पुन्हा ताणलेली. उंदीर रात्री हिंडणारा प्राणी. रोज रात्रभर त्याची चारी पायांवर भटकंती.

माझा पारा चढला. नोकरीवरून काढायची भाषा केली. श्रुतीनेच मला अडवलं.

"सर, त्यायले काहून बोलता? कशासाठी लटकवतो, हे आपण कधी सांगितलं का त्यायले?"

नव्हतं सांगितलं. बांधायचं कसं ते दाखवलं होतं, कशासाठी ते नाही. मी खाली बसलो, बिसाहू भैयांना सगळं समजावलं. मग श्रुतीची माफी मागितली. ती "ठीक आहे सर" म्हणाली, पण चेहरा काही ठीक नव्हता. सहा महिन्यांचं काम पाण्यात गेलं होतं.

मॅडमनी आणखी एक तोड सुचवली. "तोच नवा प्रयोग म्हणून छापा. रात्री भार, दिवसा आराम."

"दोरी कुठल्या दिवशी किती वेळ सैल होती, कुणीच लिहिलेलं नाही, मॅडम," श्रुती म्हणाली. "सगळं पुन्हा करते."

या वेळी तिने तिसरा गट ठेवला. टांगलेला, पण रोज ठरावीक वेळ पाय टेकू दिलेला. दोरी बिसाहू भैया सैल करायचे, घड्याळ बघून, रजिस्टरवर सही करून. सतत टांगलेल्या उंदरांचा सोलियस वाळला आणि कार्डिओलिपिनही उतरलं. तिसऱ्या गटात ते बरंच कमी उतरलं.

मुदतीच्या नऊ दिवस आधी थिसिस सादर झाला. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी विचारलं, "तिसऱ्या गटाची कल्पना कोणाची?"

मी खुर्चीत जरा सावरून बसलो.

"बिसाहू भैयांची," श्रुती म्हणाली.

आता प्रत्येक नव्या प्रयोगाची पहिली मीटिंग मी अ‍ॅनिमल हाऊसमध्ये घेतो. आणि विद्यार्थ्यावर ओरडण्याआधी त्याची वही वाचतो. दुसरं जास्त जड जातं.