नानांच्या आठ वह्या

कुणाच्या हातात पुस्तक दिसलं की बैसाणे नाना पहिला प्रश्न पाण्याचा विचारायचे. मग ते पुस्तक परग्रहावरच्या नगराचं असो, की उडत्या घोड्यांच्या राज्याचं. "त्या गावले पानी कथाईन येस?" गावाला पाणी कुठून येतं? उत्तर मिळालं नाही की मान हलवून म्हणायचे, "मग लेखक तिथं राहिलेला नाही, भाऊ. नुसता जाऊन आलाय."

धुळ्यात आमचा एक वाचनगट आहे. एक रविवार सोडून दुसऱ्या रविवारी सकाळी अकराला एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत आम्ही आठ-दहा जण जमतो. वाचायचं ते फक्त अद्भुत आणि विज्ञानकथा, आणि जमलं की प्रत्येकानं सांगायचं, सध्या काय चालू आहे. मी कॉलेजात मराठी शिकवतो, म्हणून गट चालवायचं काम आपसूक माझ्याकडे आलं. रेखाताई नर्स आहेत. फोनवर रोज एक प्रकरण येणारी आणि कधीच न संपणारी एक कादंबरी त्या ड्यूटीला जाता-येता वाचतात. मानसी इंजिनीअरिंगला आहे. तिच्याकडे उशीएवढे जाड इंग्रजी ग्रंथ असतात, ड्रॅगनांचे आणि राजघराण्यांचे. अशा एका रविवारी, खिशाला दोन पेनं लावलेले, कापडी पिशवी घेतलेले एक वयस्क गृहस्थ दारात उभे राहिले आणि म्हणाले, "परग्रहावरची माणसं इथंच बसतात ना?"

"कुणी सांगितलं तुम्हाला?" मी हसून विचारलं.

"वाचनालयाच्या बाईंनी. म्हणाल्या, तुमच्यासारखे अजून आहेत." ते खुर्चीच्या कडेवर टेकले. "मी इतकी वर्षं समजत होतो, मी एकटाच शे."

त्याच दिवशी त्यांनी मानसीला ड्रॅगनाबद्दल छेडलं. "एवढं मोठं जनावर. त्याला चारा कोण टाकतं?" सगळे हसले, पण मानसी पुढच्या बैठकीला रागावूनच आली. सबंध ग्रंथ तिनं पुन्हा चाळला होता आणि ड्रॅगनाला खायला घालणारा एकही माणूस तिला सापडला नव्हता. "नाना, तुम्ही माझं पुस्तक खराब केलंत," ती म्हणाली. नाना गंभीरपणे म्हणाले, "खराब नही, बेटा. आता तू लेखकाच्या पुढचं वाची राहिली."

पाण्याचं हे वेड कुठून आलं, ते हळूहळू कळलं. दोंडाईच्याजवळच्या खेड्यात त्यांचा जन्म झाला. नोकरी सगळी भुसावळजवळच्या दीपनगरला, औष्णिक केंद्राच्या पाणी विभागात. बॉयलरला लागणारं पाणी शुद्ध करायचं, दर तासाला तपासायचं, वहीत आकडे लिहायचे. तिथल्या एका सहकाऱ्यानं बदली होऊन जाताना अंतराळयानाचं चित्र असलेलं एक फाटकं हिंदी पुस्तक टाकून दिलं होतं. ते नानांनी वाचलं आणि तिथून त्यांना हा नाद लागला. पुढे शब्दकोश घेऊन इंग्रजीही वाचू लागले. एका कादंबरीला आठ महिने लागले, असं अभिमानानं सांगायचे. मात्र कॉलनीत ते फारसं बोलत नसत. भुसावळकडची बोली निराळी; यांनी तोंड उघडलं की कुणीतरी 'शे, शे' करून चिडवायचं. "मग मी गप राहायला शिकलो, सर. पुस्तकातली माणसं कुणाच्या बोलण्याला हसत नाहीत."

गटात येऊन वर्ष झालं असेल. एका रविवारी "सध्या काय वाचताय" असं विचारत फेरी त्यांच्यापाशी आली, तेव्हा त्यांनी पिशवीतून दोनशे पानी वही काढली. "सध्या वाचत नाही. लिही ऱ्हायनू," ते म्हणाले. अशा आठ वह्या भरल्या होत्या. निवृत्त होऊन धुळ्यात आल्यावर लिहिलेली कादंबरी, सगळी अहिराणीत.

त्यांनी वाचायला सुरुवात केली. पहिलं वाक्य मी आज रेखाताईंना विचारून इथे लिहितो आहे: "आम्ही इतला दूर उनूत, आनि आठे बी पानी नही." इतक्या दूर आलो, आणि इथंही पाणी नाही. खानदेशातली चाळीस कुटुंबं एका कोरड्या ग्रहावर नेऊन वसवली आहेत, आणि विहीर कुठे खणायची यावरून यंत्रमानव आणि एक म्हातारी भांडताहेत. यंत्र आकडे सांगतंय, म्हातारी जमिनीवर कान ठेवून बसलीय. तिनं यंत्राला झापलं, "माले नको शिकाडू, डबा!" आणि खोलीत असा हशा उसळला की वाचनालयाच्या बाई डोकावून गेल्या. दोन पानांनंतर त्याच म्हातारीचा नातू धुळीच्या वादळात हरवला, आणि रेखाताईंनी पदर डोळ्यांना लावला. त्या दिवशी नानांनी तीन प्रकरणं वाचली. मान वर करून ते आमच्याकडे पाहत होते, तेव्हा त्यांचा चेहरा एखाद्या लाजऱ्या मुलासारखा झाला होता.

बैठक संपल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. "सर, तुम्ही मराठीचे मास्तर. पुस्तक व्हई का याचं?"

आता इथे मला माझ्याबद्दल सांगावं लागेल. मीही नानांच्याच शिंदखेडा तालुक्यातला. माझी आई अहिराणीशिवाय दुसरं काही बोलली नाही. तिचा फोन स्टाफरूममध्ये आला की मी प्रमाण मराठीत उत्तरं द्यायचो, पलीकडे ती गोंधळायची, "कोन बोली ऱ्हायनं?" म्हणून विचारायची. मी हे सगळं नानांना सांगितलं नाही. मी त्यांना सांगितलं, "कथा उत्तम आहे, नाना. पण भाषा बदला. विज्ञानकथा आहे, तिला भारदस्त भाषा हवी. असं कोण वाचणार?"

त्यांनी खोलीकडे बोट केलं. "त्या लोकांनी आत्ता ऐकलं की."

"ऐकणं वेगळं आणि वाचणं वेगळं," मी म्हणालो. मला ते वाक्य फार चांगलं जमल्यासारखं वाटलं होतं.

नानांनी सात महिने घालवून सबंध कादंबरी पुन्हा लिहिली. दर पंधरवड्याला एक प्रकरण माझ्या हातात द्यायचे आणि मी लाल पेनानं दुरुस्त्या करायचो. त्यांच्याकडून चुकून राहिलेलं 'शे' मी 'आहे' करत होतो. म्हातारीला मी 'वृद्धा' केलं. त्यांनी एका शब्दानंही हरकत घेतली नाही. पाण्याचे नमुने तपासायला ज्या चिकाटीनं बसत असतील, त्याच चिकाटीनं त्यांनी माझी प्रत्येक खूण पक्क्या प्रतीत उतरवली.

मग एका रविवारी त्यांनी गटात नवी प्रत वाचली. "आम्ही पृथ्वीपासून अतिशय दूर अंतरावर येऊन पोहोचलो होतो, परंतु येथेही पाण्याचा अभावच होता." सगळे ऐकत होते, पण जसं सत्काराचं भाषण ऐकतात तसं. विहिरीचा प्रसंग आला. "हे यंत्रमानवा, मला उपदेश करू नकोस," वृद्धा म्हणाली. कुणी हसलं नाही. मानसीनं नजर खाली वळवली. चौथ्या पानावर नाना थांबले, चष्मा काढला आणि माझ्याकडे पाहून शांतपणे म्हणाले, "बठ्ठं बरोबर शे, सर. पन मानसं मुका व्हई गयात." सगळं बरोबर होतं, माणसंच मुकी झाली होती.

जिना उतरताना ते पुन्हा म्हणाले, "पहिल्या वह्या शेत अजून. पुढच्या टाइमाला त्याच आणू का?"

एवढं सोपं होतं. "आणा" म्हणायचं होतं. पण सात महिन्यांच्या लाल शाईनंतर ते म्हणायला मला कमीपणा वाटला. मी म्हणालो, "आता मागे कशाला जाता, नाना? सवय होईल लोकांना."

"बरं," ते म्हणाले. त्यांनी वाद घातला असता तर कदाचित मी ऐकलं असतं. पण ते मला मास्तर मानत होते.

नंतरही ते गटात येत राहिले. इतरांच्या पुस्तकांबद्दल विचारायचे, हसायचे. स्वतःची पाळी आली की म्हणायचे, "सध्या काही नाही." यंदा उन्हाळ्यात ते दोंडाईच्याला भावाकडे लग्नाला गेले आणि तिथेच दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. रेखाताईंचा फोन आला तेव्हा मी पेपर तपासत होतो.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी रेखाताई, मानसी आणि मी त्यांच्या धुळ्यातल्या घरी गेलो. बुद्धवंदना झाली, माणसं पांगली. मी शांताअक्कांजवळ, म्हणजे त्यांच्या पत्नीजवळ, जाऊन बसलो आणि त्या आठ वह्या मागितल्या. छापायच्या आहेत म्हणालो. खरंच ठरवलं होतं.

अक्का म्हणाल्या, "त्या तर रद्दीत गयात, सर. दिवाळीना पहिले. मी म्हने, ठेवा ना. तर म्हने, सरांनी तपासेल ती खरी. ही कच्ची शे." त्यांच्या आवाजात राग नव्हता. आत जाऊन त्यांनी माझ्या हातात ती पक्की प्रत आणून दिली, कापडात बांधलेली. "तुमनी शे, तुम्ही ठेवा."

पुढच्या बैठकीत मी गटाला सगळं सांगितलं, जिन्यावरच्या बोलण्यासकट.  मग मानसीनं वही उघडली. ती म्हणाली, "ज्याला जे आठवेल ते सांगा, मी लिहिते." दोन रविवार आम्ही ती तीन प्रकरणं आठवत बसलो. रेखाताईंना वाक्यंच्या वाक्यं पाठ होती. मानसीच्या घरी अहिराणी कुणी बोलत नाही, पण तिलाही म्हातारीच्या शिव्या जशाच्या तशा आठवत होत्या. मिळून अकरा पानं झाली.

त्या अकरा पानांत माझं एकही वाक्य नाही. मी पुष्कळ प्रयत्न केला. नाना वाचत होते तेव्हा मी अगदी त्यांच्या समोर बसलो होतो, सगळ्यांत जवळ. आणि ऐकता ऐकता मनात प्रत्येक वाक्य सुधारत होतो. मला आठवतात ती सुधारलेली वाक्यं.