खुंट्यांखालची अक्षरे

आमच्या घरात अक्षर ओळखणारा मी पहिला. गावच्या पंतोजींनी मला, एका सुताराच्या मुलाला, ओसरीच्या कडेला बसवून धूळपाटीवर मोडी शिकवली. त्यांचे उपकार मी विसरलेलो नाही. पुण्यात श्रीमंत पेशव्यांच्या गाडीखान्यात आलो तेव्हा वाटले, इथे माझ्यापुढे कोण टिकणार?

गाडीखान्यात हत्यारांचा नुसता ढीग असे. रंधा शोधताना पटाशीने बोट कापायचे. शेवटी मेस्त्रींनी मला आणि माझ्याच वयाच्या एका सुताराला समोरासमोरच्या भिंती दिल्या. "हत्यारं टांगायची सोय करा. ज्याची भिंत चालेल, त्याच्याकडे कोठीची किल्ली." ती किल्ली मला हवीच होती.

खिळे मागितले तर कारकून म्हणाला, "भिंतीला दागिने घालायचे असतील तर घरून आणा." मग आम्ही मोडक्या चाकांचे आरे तासून खुंट्या केल्या आणि जुन्या फळ्यांत ठोकल्या. प्रत्येक खुंटीखाली मी शाईने हत्याराचे नाव लिहिले. त्याने मात्र एकेक हत्यार फळीवर धरून भोवती गेरूची रेघ ओढली. मी मनात हसलो.

संध्याकाळी माणसे हत्यारे ठेवायला आली. त्याच्या भिंतीवर वाकस वाकसाच्या आकारात, करवत करवतीच्या. माझ्याकडे करवतीच्या जागी हातोडा आणि हातोड्याच्या जागी कोणाचे तरी मुंडासे.

"अहो शास्त्रीबुवा," एक म्हातारा सुतार म्हणाला, "शेजारी एक पंतोजीही टांगा. वाचून दाखवतील."

सगळे हसले. तेवढ्यात मेस्त्रींना समोर गेरूचा एक रिकामा आकार दिसला. "गिरमिट कुठं राहिलं रे?" ते एका गाडीखाली सापडले. माझ्या भिंतीवरची तीन हत्यारे गायब होती, आणि ते मलाही कळले नव्हते.

किल्ली त्याला मिळाली. "बरं झालं," असे मी तोंडाने म्हणालो. त्याच्या कमरेला ती वाजली की मी उगाच जोरात रंधा मारू लागे.

चार दिवसांनी तोच माझ्याकडे आला. "मलाही अक्षरं शिकव की. आकारांखाली नावं लिहीन म्हणतो."

"शिकवतो ना," म्हणालो, आणि रोज काहीतरी काम काढून टाळत राहिलो. किल्ली त्याची, वाहवा त्याची. माझ्यापाशी एवढे एकच उरले होते.

शेवटी माझ्या भिंतीकडे बघून बघून त्याने स्वतःच 'पटाशी' लिहिले. 'शी'ची 'री' झाली होती.

"बरोबर आहे ना रे?" त्याने विचारले.

"अगदी बरोबर," मी म्हणालो.