शंका आली की थंड हौद

फुकट मिळालेली गोष्ट शंकामावशी आधी उलटी करून बघते. भांडं असो, औषध असो, नाहीतर कुणाचं गोड बोलणं. खरं नाव तिचं दुसरंच, पण इस्पितळाच्या तळघरातल्या लॉन्ड्रीत ते कुणाला आठवतही नाही. तिलाही हेच नाव मानाचं वाटतं. संशय घेतला म्हणूनच टिकली ना. ठेकेदार आले, गेले, पळून गेले. ही टेबलाशी उभी ती उभीच.

टेबल म्हणजे मळक्या चादरी वेगळ्या करायची जागा. वॉर्डातून ट्रॉल्या खाली येतात, ढीग पडतो. हातमोजे चढवायचे, चादर झटकायची, डाग बघायचा आणि ठरवायचं, गरम पाणी की थंड हौद. रक्ताला गरम पाणी लागलं की डाग जन्माचा बसतो. म्हणून टेबलाचा एक कायदा आहे, आणि तो मावशीनेच प्रत्येक नव्या बाईच्या डोक्यात कोंबलाय: शंका आली की थंड हौद. चहाचा डाग चुकून थंडात गेला तर फार तर पुन्हा धुवावा लागेल, चादर तर वाचेल.

फाटलेल्या चादरींना मावशी तिथेच कोपऱ्यात बसून टाके घालते, हिरव्या दोऱ्याने. "पांढऱ्यावर हिरवं दिसतंय की," असं कुणी म्हटलं की ती म्हणते, "दिसू दे. काम केलंय, चोरी नाही."

तिची धाकटी जाऊ टेबलाच्या समोरच्या बाजूला उभी असते. दोघींची घरं एका भिंतीची, त्यामुळे सकाळचं भांडण कामावर पुढे चालू राहतं. जाऊला एकच ध्यास: हे ओलं तळघर सोडून वरच्या मजल्यावर कॉम्प्युटरपुढे बसायचं, कोरड्या हातांनी.

धुलाईयंत्रं बनवणाऱ्या कंपनीने बायकांसाठी फुकट डिजिटल प्रशिक्षण काढलं, तसे जाऊला पंखच फुटले. स्टोअरशेजारची खोली झाडून घेतली, खुर्च्या आल्या, भिंतीवर हसऱ्या बाईचा बॅनर लागला. प्रत्येकीच्या हातात एक टॅब. शिकवायला एक तरुण पोरगी, आवाज असा की साखर विरघळावी.

"आपल्याला एवढं का शिकवतायत?" मावशीने पहिल्याच दिवशी विचारलं.

"जाऊबाई, तुम्हाला देव भेटला तरी ओळखपत्र मागाल," जाऊ फणकारली.

"मागेन. आजकाल काय सांगावं."

सुरुवात चांगली झाली, हे मावशीलाही नाकारता येईना. टॅब उघडायचा कसा, अक्षरं जुळवायची कशी, निरोप धाडायचा कसा. सासरी असलेल्या लेकीला तिने स्वतःच्या बोटाने पहिला निरोप पाठवला, 'जेवलीस का', आणि उत्तर आल्यावर टॅब पदराने पुसून ठेवला. पण आठवडा सरला न सरला तोच अक्षरं मागे पडली आणि 'सराव' सुरू झाला. टॅबवर चादरीचा फोटो यायचा. खाली तीन बटणं: रक्त, औषध, इतर. डाग ओळखून एक दाबायचं. की पुढचा फोटो. की पुढचा.

"यात शिकायचं काय, बाई? हे तर आम्ही दिवसभर करतो."

"बोटं बसायला हवीत ना, मावशी," पोरगी हसली.

"आणि कळलं नाही तर? त्याचं बटण कुठाय?"

"अंदाजाने दाबा. चुकलं तरी चालेल, सरावच आहे."

फोटोतली चादर झटकता येत नाही, उलटी करता येत नाही. शंका तर पावलोपावली. आणि शंका आली की थंड हौद. बायका सवयीने 'रक्त' दाबत गेल्या. त्यात लबाडी नव्हती. हातच तसे वळले होते.

मग एका दुपारी मावशीच्या टॅबवर एक चादर आली आणि तिचं बोट हवेतच राहिलं. कोपऱ्यात हिरवे टाके होते. तिचेच. कालच घातलेले. ही चादर सकाळी तिच्या हातातून गेली होती.

"हे फोटो येतात कुठून?"

"वरून येतात, मावशी. सिस्टिममधून."

वरून! टेबलाच्या वर, छताला, महिन्यापूर्वी एक काळी डबी बसली होती. सुपरवायझर म्हणाला होता, आगीची सुरक्षा आहे. मावशीने तेव्हाच तिच्याकडे तिरकं बघितलं होतं.

तिने जाऊला सांगितलं. जाऊ म्हणाली, "तुमच्या डोक्यात भुंगा शिरलाय." मग मावशीने वाद घातला नाही. दुसऱ्या सकाळी तिने चहाचा कप एका बाद चादरीवर टेकवला, उचलला, शेजारी टेकवला, पुन्हा टेकवला. एका ओळीत तीन गोल. जाऊच्या देखत ती चादर डबीखाली पसरली आणि कामाला लागली.

दुपारी सरावाला बसल्यावर जाऊच्या टॅबवर ते तीन गोल आले. तिने एकेका गोलावर बोट टेकवलं. मग मान वर न करता म्हणाली, "जाऊबाई, हे कुणासाठी चाललंय?"

"मी शिकतेय असं तुला वाटतंय का? मला तर वाटतंय, कुणीतरी आपल्याकडून शिकतंय. आणि शिकून झालं की आपल्याला टेबलावर कोण ठेवणार?"

उत्तर आपल्या पायांनी चालत आलं. तळघरात नवं यंत्र उतरलं. सरकता पट्टा, वर कॅमेरा, दोन बाजूंना दोन फाटे: गरम आणि थंड. "आता तुमच्या हातांना आराम," सुपरवायझर म्हणाला. आराम! असला आराम मिळाला की माणूस घरीच बसतो, हे त्याला ठाऊक नव्हतं होय?

कंपनीचे साहेब आले. यंत्र सुरू झालं. पहिली चादर थंडात. दुसरी थंडात. चहा थंडात, शाई थंडात, नुसत्या घडीची सावली पडलेली कोरी चादर, तीही थंडात. हौद तुडुंब भरून काठावरून ओघळायला लागला, गरम बाजूला यंत्र रिकामं घरघरत राहिलं, आणि वरून वॉर्डातले फोन: चादरी कुठायत?

"हे सगळ्याला रक्त का म्हणतंय?" साहेब पोरीवर खेकसले.

पोरगी पांढरीफटक. तिच्या तोंडून निघून गेलं, "सर, बायकांनी त्याला तसंच शिकवलंय."



"पुन्हा बोल, बाई," मावशी पुढे आली. "शिकवत कोण होतं?"

सुपरवायझर ओरडला, "मुद्दाम चुकीचं दाबलंत तुम्ही!"

"मुद्दाम? टेबलावर जे करतो तेच केलं. शंका आली, थंडात टाकलं. तुमच्या यंत्राला हात आले नाहीत, आमचा संशय तेवढा आला, त्याला मी काय करू?"

साहेबांनी लगेच आवाज मऊ केला. हा मऊपणा मावशीने पुष्कळ ठेकेदारांकडे पाहिलाय. "मावशी, आपण पुन्हा वर्ग भरवू. या वेळी जरा नीट. सर्टिफिकेटही देऊ, फोटोसकट."

सर्टिफिकेट म्हटल्यावर मावशीने जाऊकडे पाहिलं. खरी भीती तिला तिथेच होती. जावेला कोरडे हात हवेत, ही फुटली तर सगळं टेबल फुटेल.

 जाऊने हौदात हात घातला, एक ओला अभ्रा पिळला, स्टुलावर चढली आणि तो काळ्या डबीवर टाकला.

"अहो, हे काय? काढा ते!"

"वाळत घातलाय, साहेब," जाऊ म्हणाली.

मावशीला हसू आलं, तिने ते दाबलं. "वर्ग नको," ती म्हणाली. "त्याला काम म्हणा. आणि यंत्र शिकलं तरी टेबलावरची एकही बाई हलणार नाही, हे आधी लिहून द्या. सही तुमची, सुपरवायझरची नको."

"बघू," साहेब म्हणाले.

"बघा की. वॉर्डातले लोक उघड्या गाद्यांवर वाट बघतायत."

तिने हातमोजे चढवले. बायका हौदाभोवती जमल्या, चादरी उपसून पिळायला लागल्या, पण टेबलाकडे एकही वळली नाही. वरून फोन पुन्हा वाजला. साहेबांनी खिसे चाचपत सुपरवायझरकडे पेन मागितलं.

"तो अभ्रा तरी काढा," सुपरवायझर पुटपुटला.

मावशीने वर बघितलं. थेंब थेंब गळत होता.

"आधी साहेबांनी लिहिलेलं मी दोनदा वाचते," ती म्हणाली. "तोवर वाळेल."