जागृतीचं गणित

बायकोलाही हे ठाऊक नाही. तुम्हाला का सांगतोय, कोण जाणे — आणि खरं सांगू, तुमच्यावरही माझा पुरता विश्वास नाही. स्वभावच तसा. पनवेलच्या मार्केटात ताजं पापलेट दिसलं तरी मी आधी कल्ले उघडून बघतो.

मी एमएस्सीला नंबर थिअरी शिकवतो. जागृती माझी विद्यार्थिनी, पनवेलजवळच्या कोन गावची. वडिलांनी एक्सप्रेसवेलगतची जमीन विकली, आता बिल्डर आहेत. प्रोजेक्ट द्यायला ती आली ती भल्यामोठ्या पांढऱ्या गाडीतून. तिथेच मनात पाल चुकचुकली.

विषय होता भाजकांच्या बेरजा. दोनचे भाजक एक आणि दोन. त्यांच्या घनांची बेरीज नऊ, सातव्या घातांची एकशे एकोणतीस. कुठलीही संख्या घ्या, या दोन प्रकारच्या बेरजांमध्ये एक ठरलेलं नातं असतं. नातं जुनंच, जगाला माहीत असलेलं. पण आपण ते स्वतः आकडेमोड करून गाठलं, सिद्धताही आपलीच, असं ती म्हणत होती. आणि सिद्धता केवढी? अर्धं पान. दोन्ही बाजूंचा पहिलाच आकडा जुळवला आणि खाली लिहिलं — म्हणून सगळे जुळतात. असं कुठे असतं का?

"कुठून उचललंस?"

"उचललं नाय, सर. दोन्ही बाजूंना वेट आठचे मॉड्युलर फॉर्म हायत. त्या वेटचा फॉर्म एकच, बाकी सगळे त्याच्या पटी. मग पहिला आकडा जुळला की झालं ना."

मी मान हलवली. कळलं काही नव्हतं. मॉड्युलर फॉर्म म्हणजे एका खास जातीची फलनं, वेट म्हणजे त्यांची प्रत; याच प्रकरणापाशी माझी पीएचडी अडली आणि कायमची अर्धवट राहिली — कॉलेजात हे कुणाला माहीत नाही. बापाने पैसे देऊन लिहून घेतलं असणार, कुठेतरी पाणी मुरतंय, असं मी ठरवून टाकलं.

तिला एका संशोधन संस्थेत जायचं होतं. घरचे म्हणत होते, तिथे निवड झाली तर जा, नाहीतर लग्न कर. संस्थेवाले माझ्याकडे चौकशी करणार होते, म्हणून तिने हे मला सांगून ठेवलं.

निवड झाली नाही. आता ती आपट्याला असते, सासरी. मध्यंतरी मुलाला घेऊन भेटायला आली, वाकून नमस्कार केला. मी आशीर्वाद दिला. हो, दिला.

स्टाफरूममध्ये तिचा विषय निघाला की मी म्हणतो, मला तेव्हा संशय होता बुवा. संशय येणं हा काय गुन्हा आहे?

पण — हे आता सांगतोच. चौकशीचा फोन यायच्या जरा आधी मी तिला पकडायचं ठरवलं होतं. या वेळी घन आणि पाचवे घात दिले, वेट दहा. म्हटलं, कर इथेच, माझ्यासमोर. तिने खडू घेतला आणि बोलत बोलत केलं. मी मुद्दाम आडवे प्रश्न टाकले. कुठे अडली नाही. उलट इतकं नीट समजावलं, की इतक्या वर्षांत न शिरलेलं माझ्या डोक्यात शिरलं. आनंद व्हायला हवा होता ना? माझा जळफळाट झाला.

ती हात धुवायला गेली आणि फोन वाजला. काम मुलीचंच आहे ना, एवढंच त्यांनी विचारलं. समोर फळाभर तिचं अक्षर होतं.

मी म्हणालो, "मला शंका आहे."